येतो म्हणावे, जातो म्हणू नये

शेतकऱ्याच्या घरून निघताना मी एक गोष्ट नेहमी पाहतो. चहा झालेला असतो, पिकाचे बोलणे झालेले असते आणि मी उठून पायात चपला सरकवतो. आजोबा म्हणतात, "राम राम साहेब." घरातली बाई आतूनच म्हणते, "पुन्हा या, जेवायलाच या." कर्ता मुलगा म्हणतो, "बरंय मग." आणि ओट्यावर खेळणारे चार वर्षांचे पोर हात हलवून म्हणते, "बाय!"

हा 'बाय' आता आपल्या घरात पाहुणा राहिलेला नाही. फोन ठेवताना म्हातारी माणसेदेखील 'बाय बाय' म्हणतात. एस.टी.च्या खिडकीतून तो ऐकू येतो. पण त्याचा अर्थ काय आणि त्याच्या भावंडांचा अर्थ काय, हे कोणी कोणाला विचारत नाही. मीही विचारले नव्हते. मी शेतीचा माणूस. बी.एस्सी. ॲग्री. झालो, पंचायत समितीत विस्तार अधिकारी म्हणून गावोगाव हिंडलो. इंग्रजीचा मास्तर मी नव्हे. पण निरोपाच्या या इंग्रजी शब्दांनी मला दोनदा धडा दिला. पहिल्या वेळी माझे हसे झाले. दुसऱ्या वेळी नुकसान झाले, आणि ते माझे नव्हते, दुसऱ्याचे होते. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

पहिली गोष्ट १९८७ सालची. मी नुकताच कृषी महाविद्यालयाच्या वसतिगृहात दाखल झालो होतो. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू होई आणि शास्त्र-गणित सगळे मराठीत. एकदम इंग्रजी व्याख्याने कानांवर पडू लागली तेव्हा गोंधळलेल्या वासरासारखी माझी अवस्था झाली. एके दिवशी संध्याकाळी सातच्या सुमारास आमचे एक प्राध्यापक समोरून येताना दिसले. अंधार पडला होता. मी मनाशी हिशेब केला, सकाळी 'गुड मॉर्निंग', तर रात्री 'गुड नाईट'. छाती काढून म्हणालो, "गुड नाईट सर!" सर थांबले. हसून मराठीत म्हणाले, "काय रे, इतक्यात झोपायला निघालास? आणि मलाही घरी पाठवतोस?"

तेव्हा कळले की 'गुड नाईट' हा भेटीचा शब्दच नव्हे, तो निरोपाचा आहे. रात्री कितीही उशिरा माणूस भेटला तरी भेटताना 'गुड ईव्हनिंग' आणि निघताना किंवा झोपायला जाताना 'गुड नाईट'. आपल्याकडे तसे नाही. आपला 'राम राम' येतानाही चालतो, जातानाही चालतो. एका शब्दावर दोन्ही कामे भागतात, जशी एकाच बैलजोडीवर नांगरटही होते आणि गाडीही चालते. त्या हिशेबाने मी इंग्रजीचे गाडे हाकायला गेलो आणि पहिल्याच वळणावर कलंडलो.

पुढे हळूहळू या शब्दांची गोडी लागली. 'गुडबाय' हा शब्द घ्या. मला वाटे, 'गुड' म्हणजे चांगले, मग 'बाय' म्हणजे काय? पाहिले तर त्यात 'गुड' मुळात नव्हताच. 'गॉड बी विथ यी', म्हणजे 'देव तुझ्या सोबत असो', असे इंग्लंडमधली माणसे निरोप देताना म्हणत. रोजच्या वापरात शब्द झिजतात, विळ्याची मूठ झिजते तसे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हे अख्खे वाक्य आखडून एका शब्दासारखे लिहिलेले सापडते. पुढे 'गुड डे', 'गुड ईव्हनिंग' यांच्या संगतीने 'गॉड'चा 'गुड' झाला. मग तेही लांब वाटू लागले आणि नुसता 'बाय' उरला.

म्हणजे ओट्यावरचे ते पोर मला हात हलवून 'देव तुमच्या सोबत असो' असेच म्हणत होते. आणि आजोबा 'राम राम' म्हणत होते, त्याचा भावही वेगळा नव्हता. फ्रेंच लोकांचा 'अदिउ', स्पॅनिश लोकांचा 'अदिओस', पोर्तुगीजांबरोबर गोव्याच्या कोकणीत आलेला 'अदेवस', या सगळ्यांत माणसाला देवाच्या हवाली केलेले आहे. 'खुदा हाफिज' म्हणजेही देव रक्षण करणारा आहे. प्रवासाला निघालेल्या माणसाच्या वाटेवर काय वाढून ठेवले आहे हे मागे राहणाऱ्याला कळत नाही. म्हणून जगभर माणसाने दारात उभे राहून देवाचे नाव घेतले आहे.

'फेअरवेल' हा शब्द शाळा-कचेऱ्यांत आला आहे. दहावीच्या मुलांना निरोप समारंभ असतो, निवृत्त होणाऱ्याला फेअरवेल असते. यातला 'फेअर' म्हणजे प्रवास करणे, जाणे. गाडीभाड्याला इंग्रजीत 'फेअर' म्हणतात तो हाच शब्द. 'वेल' म्हणजे नीट. तेव्हा 'फेअरवेल' म्हणजे आपले सरळ मराठी 'नीट जा'. गंमत म्हणजे हेच दोन शब्द उलटे केले की 'वेलफेअर' होतो, म्हणजे कल्याण. २०१५ साली दिल्लीच्या कृषी मंत्रालयाच्या नावात 'शेतकरी कल्याण' आले, त्यातला इंग्रजी शब्द हाच. शेतकऱ्याचे 'नीट चालावे' असा त्याचा मूळ अर्थ. पण रोजच्या निरोपाला 'फेअरवेल' म्हणू नये. तो मोठ्या, बहुधा कायमच्या निरोपाचा शब्द आहे. बाजाराला निघालेल्या माणसाला कोणी हार घालत नाही.

'टाटा'विषयीही पुष्कळांचा गैरसमज आहे. मालमोटारींच्या मागे ते नाव असते आणि मोटार पुढे निघून जाताना आपण तेच वाचतो, म्हणून तो निरोप त्या कंपनीवरून आला असे मला एका हुशार मुलाने सांगितले होते. तसे नाही. 'टा-टा' हा इंग्लंडमधल्या लहान मुलांच्या बोलीतला जुना शब्द आहे. नावाशी जुळला तो योगायोग.

असो. आता दुसरी गोष्ट सांगतो. ती सांगताना आजही मान खाली जाते.

२०१४ सालचा फेब्रुवारी महिना होता. दिंडोरी तालुक्यातल्या एका गावी तात्यांची दोन एकर द्राक्षबाग ऐन भरात होती. थॉमसनचे घड मंडपाखाली असे लोंबत होते की वाकूनच चालावे लागे. तात्या तेव्हा साठीचे. बाग त्यांनी पोटच्या पोरासारखी वाढवली होती. एका निर्यातदाराबरोबर एक इंग्रज खरेदीदार बागा पाहत हिंडत होता. त्या दिवशी मी गावात होतो, म्हणून तात्यांनी मला बोलावून घेतले. "भाऊसाहेब, तो काय बोलतो ते आम्हाला सांगा," एवढेच माझे काम.

साहेबाने बाग पाहिली, मणी तोंडात टाकला, दोन-तीन प्रश्न विचारले. शेतीचे प्रश्न होते, माझे निभावून गेले. निर्यातदाराचा माणूस गाडीपाशी फोनवर बोलत होता. निघताना साहेबाने तात्यांचा हात हातात घेतला आणि हसून म्हणाला, "लव्हली गार्डन. सी यू लेटर!"

तात्यांनी माझ्याकडे पाहिले. मी शब्दाला शब्द ठेवला, "बाग छान आहे म्हणतात. नंतर भेटतो म्हणतात."

"नंतर म्हणजे? संध्याकाळी?"

मला ठाऊक नव्हते. पण आजूबाजूला दहा-बारा माणसे उभी होती आणि मी बी.एस्सी. झालेला साहेब होतो. मी म्हणालो, "हां, तसंच दिसतंय."

घरी धांदल उडाली. काकूंनी पुरणाचा स्वयंपाक केला. ओटा सारवला, शेजारून खुर्च्या आणल्या. संध्याकाळी नेहमीचा स्थानिक व्यापारी आला. त्याने किलोला ४५ रुपये भाव सांगितला, इसार खिशातून काढून पुढे ठेवला आणि दोन दिवसांत तोडणी सुरू करतो म्हणाला. तात्या म्हणाले, "आजचा दिवस थांबा. परदेशी पाहुणे यायचे आहेत, त्यांचं ऐकू द्या." व्यापारी म्हणाला, "मग मी दुसऱ्या गावात माल धरतो," आणि इसार खिशात घालून उठला. रात्रीचे अकरा वाजले, पुरणपोळ्या गार झाल्या, पाहुणा आला नाही. दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्या दिवशीही आला नाही.

चौथ्या दिवशी गारा पडल्या.

त्या वर्षी फेब्रुवारीअखेर आणि मार्चमध्ये महाराष्ट्रातल्या कितीतरी जिल्ह्यांत गारपीट झाली, ती वाचकांच्या स्मरणात असेल. तात्यांच्या बागेत अर्ध्या तासात मण्यांचा चिखल झाला. जे घड राहिले ते तडकले आणि सडू लागले. लोक म्हणाले, निसर्गापुढे कोणाचे चालते? खरेच आहे. गारा काही मी आणल्या नव्हत्या. पण दोन दिवसांत माल तुटून गेला असता आणि तो माझ्या एका 'हां'मुळे वेलीवर राहिला, हे मला आतून खात होते.

तालुक्याच्या हायस्कुलातल्या इंग्रजीच्या शिक्षकांना मी गाठले. त्यांनी सांगितले, "अहो, 'सी यू लेटर' म्हणजे भेटीचे वचन नव्हे. आपण 'बरंय, भेटू' म्हणतो ना, तसं ते. पुन्हा जन्मात भेट होणार नसली तरी माणसं तसं म्हणतात." साहेब खोटे बोलला नव्हता. त्याने साधा निरोप घेतला होता. खोटे मी बोललो होतो.

पंचनाम्याच्या वेळी बागेत उभे राहून मी तात्यांना सगळे सांगून टाकले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. पायाखालचे मणी बाजूला करत राहिले. मग म्हणाले, "भाऊसाहेब, ठाऊक नव्हतं तर 'ठाऊक नाही' म्हणायचं होतं. आम्ही औषधाचं विचारतो, तेव्हापण असंच सांगता का?"

ते रागावले असते तर बरे झाले असते. या एका प्रश्नाने माझी नोकरी मला पुन्हा शिकवली. त्या दिवसापासून एखाद्या रोगाची किंवा औषधाची खात्री नसली, तर मी चारचौघांत सांगतो, "मला माहीत नाही. विचारून परवा सांगतो." आणि परवा सांगतो.

आपली मुले-मुली आता इंग्रजी शिकत आहेत, माल परदेशी जात आहे, बागांवर परदेशी माणसे येत आहेत. तेव्हा माझ्यासारखी फसगत कोणाची होऊ नये म्हणून चार गोष्टी सांगून ठेवतो.

'सी यू', 'सी यू लेटर', 'सी यू अराउंड' हे नुसते निरोप आहेत. त्यांच्यामागे वार, तारीख किंवा वेळ लागली तरच ते वचन होते. 'सी यू ऑन मंडे' म्हटले तर सोमवारी वाट पाहावी. 'सी यू टुमॉरो' म्हटले तर उद्या पाहावी. नुसत्या 'लेटर'साठी पुरण शिजवू नये. 'सी यू सून' यात लवकर भेटायची इच्छा आहे, पण वेळ ठरलेली नाही.

'वुई विल लेट यू नो', म्हणजे 'कळवतो', हे व्यवहारात फार ऐकू येते. ते होकार नव्हे आणि नकारही नव्हे. आपल्याकडे मुलगी पाहून झाल्यावर पाहुणे 'कळवतो' म्हणतात, त्याच वजनाचे हे वाक्य समजावे. अशा वेळी नम्रपणे विचारावे, कधीपर्यंत कळवाल? आणि भाव, वजन, मण्याचा आकार, तोडणीची तारीख, पैसे कधी मिळणार, हे कागदावर आल्याशिवाय हातातला सौदा सोडू नये.

'टेक केअर' म्हणजे 'जपून राहा', 'जिवाला जप'. आमच्या ओळखीच्या एका मुलाला नोकरीच्या ठिकाणी वरिष्ठ बाई निघताना रोज हे म्हणत. त्याला वाटे, आपले काही चुकले आहे आणि बाई ताकीद देत आहेत. आपल्याकडे 'सांभाळून राहा' हे दमदाटीतही येते ना! पण निरोपातला 'टेक केअर' मायेचा असतो.

'आय वोन्ट कीप यू' म्हणजे 'तुमचा खोळंबा करत नाही'. ऐकणाऱ्याला वाटते, मला कुठे घाई आहे? घाई बहुधा बोलणाऱ्याला असते. हे ऐकले की आपण उठावे. 'यू मस्ट कम सम टाइम' म्हणजे 'या की एकदा घरी'. दिवस ठरल्याशिवाय पिशवी भरून निघू नये.

पहिल्या भेटीत ओळख होताना 'नाइस टू मीट यू' म्हणावे आणि त्याच भेटीच्या शेवटी निघताना 'नाइस मीटिंग यू'. आणि 'गुड डे' जरा बेताने वापरावा. ऑस्ट्रेलियात तो भेटीचा मोकळा शब्द आहे, पण इंग्लंडात निघताना तोडून 'गुड डे' म्हटला तर 'आता पुरे, या' असा वास त्याला येतो.

हे वाचून कोणी म्हणेल, इंग्रज मोठे बोलघेवडे, भेटतो म्हणायचे आणि भेटायचे नाही! पण जरा आपल्याकडे पाहा. आपण घरातून निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. परक्या माणसाने मराठी शिकून ऐकले तर तो बुचकळ्यात पडेल. हा दाराबाहेर निघाला आहे आणि म्हणतो येतो! 'जातो' हा शब्द आपल्याला अशुभ वाटतो. बांगडी फुटली तरी आपण ती 'वाढवली' म्हणतो, तसेच हे. 'निरोप' हा शब्दही पाहा. निरोप पाठवणे म्हणजे सांगावा धाडणे आणि निरोप घेणे म्हणजे रजा घेणे. 'राम राम' म्हटला तर नमस्कार, पण नोकरीला 'रामराम ठोकला' तर नोकरी सुटली, आणि कोणी 'राम म्हटला' तर माणूसच गेला. एवढ्या खाचखळग्यांतून मराठी शिकणारा परदेशी माणूस कसा चालत असेल, याचा विचार केला म्हणजे आपल्या चुकांची लाज कमी होते.

आपल्या निरोपाची आणखी एक रीत मला फार आवडते. आपण परवानगी मागतो. 'येऊ का?', 'निघू का?' फोनवरही 'ठेवू का?' असे विचारतो. मोबाइलला ठेवायला काही उरले नाही, तरी शब्द उरला आहे. पत्राच्या शेवटी जुनी माणसे 'बहुत काय लिहिणे' म्हणत, 'लोभ असावा' अशी विनंती करत. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी 'मर्यादेयं विराजते' अशी वेगळी मुद्रा असे. मजकूर येथे संपला, यापुढे कोणी घुसडू नये, अशी ती खूण. सरकारी कागदावर आम्ही 'आपला विश्वासू' लिहितो, तो इंग्रजी 'युवर्स फेथफुली'चा मराठी अवतार. त्या विश्वासू शब्दाखाली सही करताना मला अजून तात्यांचा प्रश्न आठवतो.

तात्यांनी बाग पुन्हा उभी केली. त्यांची नात शेतीच्या पुढच्या शिक्षणासाठी २०२३ च्या ऑगस्टमध्ये हॉलंडला निघाली, तेव्हा मला मुद्दाम बोलावणे आले. दारात गाडी उभी होती. काकूंनी तिच्या हातावर दही घातले आणि डोळे पुसत म्हणाल्या, "जाते म्हणू नकोस गं, येते म्हण." पोरगी वाकून म्हणाली, "येते आजी."

तात्या खांबाला टेकून उभे होते. ते म्हणाले, "मला इंग्रजीत सांग." ती गडबडली. मग हसून म्हणाली, "सी यू लेटर, आजोबा."

तात्यांनी माझ्याकडे पाहिले. मीही त्यांच्याकडे पाहिले. ते नातीला म्हणाले, "तसं नको. त्या 'लेटर'ची एकदा वाट पाहून झाली आहे. तारीख घालून सांग."

पोरीला ती हकिगत घरात ऐकून ठाऊक होती. तिने आजोबांचा हात धरला. "सी यू इन जुलै, आजोबा. पुढच्या जुलैत."

"भाऊसाहेब, याला महिना लागलाय. हे खरं धरायचं ना?"

या वेळी मला उत्तर ठाऊक होते. मी म्हणालो, "धरा तात्या."

जुलैत ती आली. काकूंनी पुरणाचा स्वयंपाक केला होता आणि तो या खेपेस गरम वाढला गेला.

बरे तर वाचकहो, येऊ का? राम राम.